हळद हलते, सोयाबीन थांबलेलं

नांदेडच्या नव्या मोंढ्यात हळदीची अडत असलेल्या एका घरातल्या पोराने संगणकावर एक शीट बांधली आहे. सकाळी दहाला वायदे बाजार उघडला की तिच्यात हळदीच्या ओळीतले आकडे हलायला लागतात. शेवटचा सौदा, खरेदीची बोली, विक्रीची बोली, कालच्या बंद भावाशी फरक. भाव चढला की सेल हिरवा, उतरला की तांबडा. खाली शेअरची नावं आहेत, तीही सव्वानऊपासून अशीच लुकलुकत असतात. मधली एक ओळ मात्र कायम राखाडी. ती सोयाबीनची. तिच्यातला आकडा लातूरहून येतो, दुपारी, फोनवर, माणसाने टाइप केलेला. "हळद लाइव्ह हाय, सोयाबीन हातानं भरायलो," पोरगा सांगतो. त्याला यात काही विशेष वाटत नाही.

मला वाटलं. नांदेडात हळदीचा बोलबाला असला तरी नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या खरिपाचा जीव सोयाबीनमध्ये आहे. ज्या पिकावर दिवाळीचे कपडे आणि पोराची फी ठरते त्याचाच भाव संगणकाला आपोआप मिळू नये? पोरगा प्रोग्रामिंगमध्ये कमी पडला असं मुळीच नाही. अडचण अशी, की सोयाबीनचा क्षणाक्षणाला हलणारा, सगळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाव देशातच उरलेला नाही.

२० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारांच्या नियामकाने, सात शेतमालांचे वायदे थांबवले. बिगर-बासमती भात, गहू, हरभरा, मोहरी, सोयाबीन, कच्चं पामतेल आणि मूग. मोहरी आणि सोयाबीनच्या तेल-पेंडीसकट. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर जाऊन आलं होतं, कोंबडीखाद्यवाले ओरडत होते, आणि सरकारने बारा लाख टन जनुक-बदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. बंदी आधी एक वर्षाची होती. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, मधे दोनदा तर महिन्या-दोन महिन्यांसाठी वाढली, आणि २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली गेली. बंदीआधी २००३ पासून एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारावर सोयाबीनचा वायदा चालायचा, इंदूर केंद्र धरून. लातूरचा व्यापारी इंदूरचा आकडा बघून त्यात भाडं आणि मालाचा फरक वजा-अधिक करायचा. तुरीची गोष्ट तर त्याहून जुनी. तूर आणि उडदाचे वायदे जानेवारी २००७ मध्येच बंद झाले. लातूरच्या डाळ मिलवाल्यांची एक अख्खी पिढी तुरीचा वायदा न बघताच धंद्यात आली आहे.

हळद या यादीत कधी आली नाही. तिचा वायदा निजामाबाद केंद्र धरून चालू राहिला, म्हणून नांदेडच्या पोराची ती ओळ जिवंत आहे. २०२४ मध्ये हळदीने क्विंटलला वीस हजारांच्या आसपास मजल मारली तेव्हा मोंढ्यातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा वाटलं, की हा आकडा दिवसातून एकदा न बघता सतत समोर असायला हवा. शीटचा जन्म तिथला.

शीटमध्ये भाव आणायची खटपट मात्र हळदीच्या आणि या पोराच्याही आधीची. खात्याच्या वहीसारखी रकान्यांची चौकट वैयक्तिक संगणकावर पहिल्यांदा आली १९७९ साली, व्हिझिकॅल्क या नावाने. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ती लिहिली. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आपोआप बदलतात, हीच तिची जादू होती. मग तो पहिला आकडाही माणसाने का भरायचा, असं लोकांच्या मनात येणं साहजिक होतं. विंडोजच्या जमान्यात डीडीई नावाची सोय आली, एका प्रोग्रामने दुसऱ्याला आकडा पुरवायची. १९९३ मध्ये एक्सेलच्या पोटात व्हीबीए ही भाषा आली आणि २००२ च्या आवृत्तीत आरटीडी हे फंक्शन. आपल्याकडे शेअर दलालांच्या कार्यालयांत नेस्ट नावाचं टर्मिनल असायचं, त्यात 'लिंक टू एक्सेल' होतं. बरोबरचं चिन्ह, आरटीडी, कंसात सर्व्हरचं नाव, मग शेअरचं नाव, शेवटी 'एलटीपी', म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव. एवढं लिहिलं की सेल जागा व्हायचा. तालुक्याच्या गावातल्या सब-ब्रोकरकडे ही ओळ कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेली असे.

या आरटीडीत एक गंमत आहे आणि ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. बाजारातून आकडे कितीही वेगाने येवोत, एक्सेल ते मुळातच दोन हजार मिलिसेकंदांनी एकदा घेतं. म्हणजे दर दोन सेकंदांनी. सेटिंग बदलता येतं, पण मग आकडेमोड जड असली तर शीट अडखळते. दोन सेकंद नांदेडात काहीच नाहीत. मुंबईत एनएसई या शेअर बाजाराच्या आवारात मात्र २०१० पासून दलालांना आपले सर्व्हर एक्स्चेंजच्या यंत्रांशेजारी ठेवता येतात. तिथला हिशोब सेकंदाच्या लाखाव्या-दहालाखाव्या भागात चालतो.

नांदेडच्या पोराने एक्सेल सोडून गूगल शीट्स घेतली, कारण वडिलांना दुकानात मोबाइलवर दिसायला हवं होतं. तिथे गूगलफायनान्स नावाचं तयार फंक्शन आहे. एनएसई, मग दोन टिंबं, मग शेअरचं नाव लिहिलं की भाव येतो. फुकट आहे, सोपं आहे, आणि वीस मिनिटांपर्यंत शिळं असू शकतं. गूगल हे स्वतःच सांगतं. वायद्यातली हळद तर त्यात नाहीच. म्हणून पोराने ॲप्स स्क्रिप्टमध्ये स्वतःचा प्रोग्राम लिहिला. दलालाकडून एपीआयची, म्हणजे प्रोग्रामने थेट आकडे मागायच्या सोयीची, चावी घ्यायची, दर मिनिटाला त्याच्या सर्व्हरला विचारायचं, आलेलं उत्तर फोडायचं आणि रकान्यांत टाकायचं.

पहिल्या आवृत्तीत तो एकेका शेअरसाठी वेगळी विचारणा करायचा. शेअर साठ होते. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. गूगलच्या साध्या खात्याला दिवसाला वीस हजार विचारणांची मर्यादा आहे. साठ गुणिले ३७५ म्हणजे साडेबावीस हजार. परिणाम असा, की रोज दुपारी पावणेतीनच्या सुमारास शीट गपगार व्हायची, ऐन बाजार तापायच्या वेळी. त्याला आधी वाटलं दलालाची गडबड आहे. गुणाकार करायला सुचल्यावर त्याने साठही नावं एकाच विचारणेत पाठवायला सुरुवात केली. दुसरी मर्यादा वेळेची. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला दिवसाकाठी एकूण नव्वद मिनिटंच मिळतात. स्क्रिप्ट रात्रभरही दर मिनिटाला उठत राहिली तर दिवसाच्या १,४४० फेऱ्या होतात आणि फेरीमागे चार सेकंद लागले तरी सगळा कोटा खलास. आता प्रोग्रामची पहिलीच ओळ घड्याळ बघते, बाजार बंद असेल तर तिथूनच माघारी फिरते. आणि साठ आकडे साठ वेळा लिहिण्याऐवजी सगळा रकाना एका दमात लिहिला जातो. त्याच्या शीटचं खरं कसब या दोन-तीन किरकोळ गोष्टींत आहे; हिरवा-तांबडा रंग कुणीही देऊ शकतो.

सगळ्यात कामाचा रकाना मात्र सर्वांत साधा आहे. प्रत्येक भावाशेजारी वेळ. हा आकडा कधीचा? तीन मिनिटांहून जुना झाला की अक्षरं आपोआप फिकी होतात. इंटरनेट गेलं, चावीची मुदत संपली, दलालाचा सर्व्हर बसला, तरी सेलमध्ये जुना आकडा तसाच ठसठशीत उभा राहतो आणि बघणाऱ्याला तो ताजाच वाटतो. बंद पडलेल्या घड्याळासारखा. वडिलांनी एकदा असा तासभर जुना हळदीचा भाव गिऱ्हाइकाला सांगितला, तेव्हापासून हा रकाना आला.

शेअरच्या बाजूबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण अशा बहुतेक शीट हळदीसाठी नाही, ऑप्शनसाठी बनतात. लातूर म्हणजे क्लासचं गाव. बारावीच्या पॅटर्नशेजारीच आता 'ऑप्शन चेन'च्या शीटवर निफ्टी शिकवणाऱ्या पाट्या दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं, की केवळ शिक्षण देणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून कुठल्या शेअरचं नाव घ्यायचं नाही. लाइव्ह शीट फळ्यावर लावून शिकवणं त्यात बसत नाही. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासातले आकडे कडू आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. यातले बहात्तर टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे. आपल्यासारख्या गावांतले. परदेशी संस्थांनी कमावलेल्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि दलाल कंपन्यांनी स्वतःच्या पैशावर कमावलेल्यापैकी ९६ टक्के नफा यंत्राने केलेल्या सौद्यांतून आला होता. दर मिनिटाला उठणारी शीट त्या यंत्रांसमोर घेऊन बसणाऱ्याला कुणीतरी हे सांगायला हवं. क्लासवाला सांगेल असं दिसत नाही.

शीटने नुसता भाव न दाखवता सौदाही करावा, असं पोराच्या मनात होतं. ४ फेब्रुवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकाने त्याला जरा थांबवलं. घरगुती प्रोग्रामने सौदे करायला आता बंदी नाही, उलट पहिल्यांदाच रीतसर वाट झाली आहे; पण दलालाकडे नोंदवलेल्या, न बदलणाऱ्या आयपी पत्त्यावरूनच ऑर्डर जायला हवी, आणि सेकंदाला दहा ऑर्डरच्या वर गेलात तर प्रोग्रामची एक्स्चेंजकडे नोंदणी. नांदेडात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्या माणसाचा पत्ता दिवसातून कितीदा बदलतो याची मोजदाद नाही. म्हणून तो मुंबईतल्या क्लाउडवर महिन्याच्या भाड्याने छोटा सर्व्हर घ्यायच्या विचारात आहे. स्वतः बनवलेला प्रोग्राम घरच्यांसाठी वापरता येतो, पण घरचे म्हणजे कोण हेही लिहून दिलं आहे. नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, अवलंबून असलेले आई-वडील. मामा त्यात नाहीत. मामांनी दोन लाख द्यायची तयारी दाखवली होती, ती राहिली.

आता राखाडी ओळीकडे. ती भरणारा माणूस लातूरच्या बाजार समितीत असतो, नांदेडच्या पोराचा कॉलेजातला रूममेट. त्याच्या घरची सोयाबीन-तुरीची खरेदी. लातूरच्या आडत बाजारात रोजचा भाव फुटतो तो पोटलीच्या सौद्यात. नमुन्याचा माल समोर ठेवून खरीददार बोली लावतात, त्यावर दिवसाचा रोख ठरतो. मग ढिगाढिगाला भाव वर-खाली होतो. हातात दाणे घेऊन दाताखाली एक फोडला की जुना व्यापारी सांगतो, 'हवा जास्त हाय', म्हणजे ओलावा. सरकारी खरेदीला बारा टक्के ओलावा चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरात तो त्या हंगामापुरता पंधरापर्यंत वाढवून दिला होता. ओलाव्याबरोबर माती, काडीकचरा, डागी दाणे. म्हणजे 'लातूरचा आजचा भाव' असा एक आकडा नसतोच. पणन मंडळ रोज जाहीर करतं ते आवक आणि तीन आकडे: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. केंद्राच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरही देशभरच्या बाजार समित्यांचे हेच आकडे एपीआयने मिळतात. रूममेटने त्यावरूनही स्क्रिप्ट लिहून बघितली. चालली. पण आकडे यायचे तोवर सौदे उरकून हमाल घरी गेलेले असायचे.

मग त्यांनी उलटी वाट धरली. यंत्राने बाजार गाठण्याऐवजी बाजारातल्या माणसानेच यंत्राला सांगायचं. सौदा झाला की रूममेट फोनवरच्या एका फॉर्ममध्ये तीन आकडे आणि ओलावा टाकतो, वेळ आपोआप पडते. सुरुवातीला मुनीमजींनाही हे काम दिलं होतं, तर त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी. ते देवनागरी आकड्यांत '४,४२५' लिहायचे आणि शीट त्याला आकडा न समजता शब्द समजायची. बेरजेत सोयाबीन शून्य. मुनीमजींना इंग्रजी आकडे टाकायला सांगणं सोपं होतं. पोरांनी तसं केलं नाही. देवनागरीचे दहा आकडे ओळखून बदलणारी ओळ प्रोग्राममध्ये घातली. मला ते आवडलं.

पोटलीचा भाव का फुटतो हे समजायला रूममेटने शीटच्या दुसऱ्या पानावर सगळं जग आणून ठेवलं आहे. शिकागोत सोयाबीनचा भाव सेंटमध्ये आणि बुशेलवर सांगतात. बुशेल म्हणजे २७.२२ किलो, तेव्हा क्विंटलला ३.६७४ बुशेल. समजा तिथे १,०५० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपये. साडेदहा डॉलर गुणिले ३.६७४ गुणिले ८५, म्हणजे क्विंटलला ३,२८० रुपयांच्या आसपास. २०२५-२६ चा आपला हमीभाव ५,३२८. इतका फरक असूनही बाहेरचं सोयाबीन लातुरात येऊन पडत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जनुक-बदल वाणाचा आणि वर आयात शुल्क. येतं ते तेल. आणि तेलातूनच लातूरचा भाव दबतो. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं, बाकीची बहुतेक डीओसी, म्हणजे पेंड. प्लांटवाला दोन्हींचे भाव धरतो, गाळपखर्च वजा करतो, आणि उरेल तेवढा 'प्लांट रेट' सांगतो. मलेशियाचं पामतेल, रुपया, पेंडीची निर्यात हे सगळं पानावर हलतं. नसतं हलत ते दिल्लीचं धोरण. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी शुल्क एका फटक्यात साडेसत्तावीस टक्के झालं, ३० मे २०२५ ला ते पुन्हा साडेसोळावर आलं. अधिसूचना निघते तिला एपीआय नाही. त्या सेलमध्ये रूममेट हातानेच आकडा टाकतो, आणि बाकी कुठल्याही सेलपेक्षा तोच पान जास्त हलवतो.

एवढं करून मिळतं काय? हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा नीट तपासून झाला आहे. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा इथेच सुरू झाली. शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएसने मराठीत बाजारभाव, हवामान, सल्ला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या शंभर गावांत काहींना ती वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि विक्रीचे भाव ताडून बघितले. सोयाबीन त्यांच्या पिकांत होतं. २०१२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की भाव कळल्याने मिळालेल्या भावात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याच्या उलट मध्य प्रदेशात. तिथे आयटीसीने २००० सालापासून सोयाबीनच्या गावांत ई-चौपाल उघडले, संगणकावर भाव दाखवणारे. अपराजिता गोयल यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं, की ते आले तिथल्या मंड्यांत सोयाबीनचा भाव सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढला. फरक एवढाच, की ई-चौपालवर भाव लिहिणारा स्वतः खरेदीलाही उभा होता. एसएमएसने फक्त सांगितलं होतं. घेणारा तोच जुना, त्याच ओट्यावर.

मी हे लातूरच्या त्या घरी सांगितलं तेव्हा रूममेटचे वडील हसले. "आता तुमीच बगा. भाव आमाला बी कळतो, शेतकऱ्याला बी कळतो. पर त्याला सोसायटीचं भरायचंय, त्यो थांबल कसा?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते स्वतः खरीददार आहेत, हेही त्यातच आलं.

पोरांच्या डोक्यात मात्र ई-चौपालची गोष्ट बसली. शीटवर त्यांनी आता आणखी एक रकाना वाढवला आहे, भावाच्या पलीकडे: आज या भावाने घेणारा कोण, किती क्विंटल, किती ओलाव्यापर्यंत, पैसे किती दिवसांत. लातूर आणि नांदेडच्या दोन-तीन प्लांटचे खरेदीभाव ते रोज त्यात टाकतात. नव्या सोयाबीनची आवक वाढेल तसं हे पान आसपासच्या शेतकरी कंपन्यांना बघण्यापुरतं खुलं करायचं ठरलं आहे. रूममेटच्या वडिलांनी त्याला हरकत घेतली नाही. अट एकच घातली: आपल्या दुकानाची खरेदी त्या पानावर दिसता कामा नये.